गॅलरीतलं एकच उंच झाड

झाडांविषयी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे. ‘घर लहान, गॅलरी एवढीशी, पण आल्यागेल्याच्या नजरेत भरेल असं एखादं उंच, देखणं झाड कुंडीत लावायचं आहे. कोणतं आणू?’ कवितावाचनानंतर चहाचा कप हातात घेऊन येणारी मंडळीही कवितेबद्दल कमी आणि कुंडीबद्दल जास्त विचारतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. विचारणाऱ्याला झाडाचं नाव हवं असतं. मी आधी त्यालाच चार प्रश्न विचारतो : ऊन कधी येतं आणि किती वेळ टिकतं? घर कितव्या मजल्यावर आहे? पाणी घालणार कोण? आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर आहे का? या चार प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली की झाडाचं नाव बहुतेक वेळा आपोआप पुढे येतं. नर्सरीत जाऊन, डोळ्यांना आवडलं म्हणून उचललेलं झाड मात्र बऱ्याचदा वर्षभरात कुंडी रिकामी करून जातं.

आधी एकाच झाडाचा आग्रह का, ते सांगतो. आपल्याकडच्या फ्लॅटची गॅलरी साधारण चार फूट रुंद आणि आठ-नऊ फूट लांब. त्यात कपडे वाळतात, गॅसचं रिकामं सिलिंडर असतं, पाण्याचं पिंप असतं, एक खुर्ची असते. उरलेल्या जागेत आपण दहा-बारा लहान कुंड्या मांडतो. पाय ठेवायला जागा उरत नाही, झाडू नीट फिरत नाही, आणि नजर सारखी गुडघ्याच्या खालीच अडकते. गॅलरीची जमीन जेमतेम पस्तीस चौरस फूट असली, तरी तिला नऊ-साडेनऊ फूट उंची असते आणि ती उंची रिकामीच पडून असते. उंच झाड कोपऱ्यातली दीड फूट बाय दीड फूट जागा घेतं आणि ही वरची हवा वापरतं. एका कडव्यात सात उपमा कोंबल्या तर वाचणाऱ्याला एकही आठवत नाही. एक नेमकी असली तर पुरते. गॅलरीचंही तसंच आहे.

उंच म्हणजे किती उंच? माझा हिशोब साधा आहे. कुंडीसकट झाड छताच्या उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत जावं. नऊ फुटांच्या छताखाली सहा फूट झालं की ते भव्य दिसतं आणि वर हवा खेळायलाही जागा राहते. एकूण उंचीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी कुंडी असली की प्रमाण नीट दिसतं. सहा फुटांच्या झाडाला नऊ इंची कुंडी म्हणजे धिप्पाड माणसाच्या पायात लहान मुलाची चप्पल.

ऊन मोजा, मग झाड निवडा

‘आमच्याकडे भरपूर उजेड आहे,’ असं प्रत्येक जण सांगतो. उजेड आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले डोळे कमी उजेडाशी पटकन जुळवून घेतात, म्हणून आपल्याला खोली उजळ वाटते. झाडाला ती सोय नाही. ते उजेडावरच जेवतं. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. दुपारी बाराच्या सुमारास, झाड जिथे ठेवायचं तिथे पांढरा कागद पसरा आणि त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. सावलीची बोटं स्पष्ट मोजता आली तर उजेड भरपूर. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट असतील तर मध्यम. सावलीच पडली नाही तर ती जागा उंच झाडाची नाही. तिथे चप्पल-स्टँड ठेवावा. याशिवाय थेट ऊन किती तास येतं, ते एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासातासाला पाहून लिहून ठेवावं.

दिशेचाही विचार हवा. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं. ते बहुतेक सगळ्या झाडांना मानवतं. पश्चिमेचं ऊन दुपारनंतरचं. त्या वेळी भिंत, फरशी आणि हवा तापलेली असते, त्यामुळे नाजूक पानं करपतात. दक्षिणेच्या गॅलरीची गंमत अशी, की तिथे हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जास्त ऊन येतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ऊन आतपर्यंत शिरतं. मे महिन्यात सोलापूर-पुण्याच्या भागात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि वरचा छज्जा ते ऊन अडवतो. उत्तरेच्या गॅलरीत वर्षातला बराच काळ थेट ऊन नसतंच. मे ते जुलै या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं, आणि त्यातले निम्मे दिवस ढगांचे. म्हणून डिसेंबरात ऊन पाहून झाड आणायचं असेल, तर मे महिन्यात तिथे काय होतं हे आठवून पाहा. आठवत नसेल तर शेजाऱ्यांना विचारा.

झाड उंच होतं ते कसं?

ही गोष्ट नर्सरीत सहसा कोणी सांगत नाही, आणि लहान जागेसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सगळी झाडं एकाच पद्धतीने उंच होत नाहीत. माझ्या सोयीसाठी मी त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट एका शेंड्याच्या झाडांचा. एकच खोड, एकच शेंडा, आणि सगळी वाढ त्या शेंड्यातून. एकखोडी पाम असे असतात. त्यांचा शेंडा कापला तर झाडच मरतं. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरोकेरिया हे याच स्वभावाचं. शेंडा कापला तर ते मरत नाही, पण मजल्यामजल्यांनी चढत जाणारा त्याचा सुरेख आकार कायमचा बिघडतो. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं हे झाड, तिथे शंभर फुटांच्या पुढे जातं. कुंडीत ते हळू वाढतं, पण छताला टेकलं की करण्यासारखं काही उरत नाही. आपल्या सह्याद्रीतला भेर्ली माडही असाच. माशाच्या शेपटीसारखी त्याची पानं फार देखणी. पण तो जंगलात आणि मोठ्या अंगणात शोभावा. मोकळी गच्ची असेल त्यांनीच या गटाकडे पाहावं.

दुसरा गट बेटाने वाढणाऱ्या झाडांचा. जमिनीतून नवे फुटवे येत राहतात. अरेका पाम, राफिस पाम, बांबू, सोनटक्का, कर्दळ या गटातली. एक दांडा फार वाढला किंवा वाळला तर तो बुडातून काढावा, बाकीचे असतातच. उंची हातात राहते. जपायचं ते रुंदीकडे. दर दोन-तीन वर्षांनी बेट विभागावं लागतं.

तिसरा गट फांद्यांच्या झाडांचा : कुंती, चाफा, रबर, डाळिंब, कढीपत्ता. यांना कात्री चालते. शेंडा खुडला की खालून दोन-तीन फांद्या फुटतात. पाच फुटांवर थांबवायचं की सात, हे आपण ठरवू शकतो. लहान गॅलरीला दुसरा आणि तिसरा गट मानवतो.

कोणत्या जागेला कोणतं झाड

रेडिओवर बोलताना झाड दाखवता येत नाही, म्हणून मोजकीच नावं घेतो आणि प्रत्येकाचा स्वभाव सांगतो.

ऊन थेट येत नाही पण उजेड चांगला आहे, अशा जागेला माझी पहिली पसंती राफिस पामला. बोटाएवढ्या जाडीचे सरळ दांडे, त्यांवर काथ्यासारखं तपकिरी वेष्टन, आणि वर पंख्यासारखी गडद हिरवी पानं. मूळचा दक्षिण चीनकडचा. वाढायला अतिशय सावकाश, त्यामुळे महाग मिळतो. पण एकदा बसला की वर्षानुवर्षं त्याच कुंडीत, त्याच कोपऱ्यात राहतो. अरेका पाम त्याच्यापेक्षा स्वस्त आणि झपाट्याने वाढणारा. सहा-सात फुटांची हिरवी कारंजीच. नाव अरेका असलं तरी ही सुपारी नव्हे. सुपारीचं शास्त्रीय नाव ‘अरेका कॅटेचू’. हा पाम मादागास्कर बेटावरचा वेगळाच. त्याला गाळून आलेलं ऊन हवं. पश्चिमेच्या उन्हात तो पिवळा पडतो, आणि बोअरच्या जड पाण्याने त्याच्या पानांची टोकं तपकिरी होतात.

मध्यम उजेड ते सकाळचं ऊन असेल तर रबराचं झाड घ्यावं. रुंद, जाड, चकचकीत पानं. काळपट-लाल पानांची जात तर फारच भारदस्त. टायरचं रबर देणारं झाड वेगळं, ते ब्राझीलकडचं. हे आपल्या ईशान्य भारतातलं. मेघालयात ओढ्यांवर जिवंत मुळांचे जे पूल आहेत, ते याच झाडाच्या मुळांनी विणलेले. खासी आणि जैंतिया लोक पिढ्यान् पिढ्या ती मुळं वळवून, विणून पूल घडवत आले. यावरून त्याच्या मुळांची ताकद लक्षात घ्या आणि त्याला जमिनीत, भिंतीजवळ कधीही लावू नका. कुंडीत ते आज्ञेत राहतं. पान तोडल्यावर येणारा चीक त्वचेला खाज आणतो, तेवढं सांभाळावं.

चार-पाच तास चांगलं ऊन असेल तर चाफा. देवळाच्या अंगणात आणि दर्ग्याच्या आवारात सारख्याच निर्धास्तपणे उभं राहणारं हे झाड इतकं आपलं झालं आहे, की ते मूळचं अमेरिका खंडातलं असल्याचं सांगितलं तर लोकांना पटत नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए याच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ पडलं. रात्री त्याचा वास वाढतो आणि त्या वासाने मोठे पतंग येतात. फुलात मध मात्र नसतो. बिचारे पतंग फसून एका फुलावरून दुसऱ्यावर जातात आणि परागकणांची वाहतूक फुकटात होते. हिवाळ्यात चाफा पानं गाळून नुसत्या बोडक्या फांद्यांनी उभा राहतो. काहींना ते रूप आवडतं, काहींना झाड मेलं असं वाटून ते पाणी ओतत बसतात. त्या दिवसांत पाणी अगदी कमी हवं, नाहीतर फांद्या कुजतात. ज्यांना बाराही महिने हिरवं हवं, त्यांनी नागचाफा आणावा. पानाचा आकार नागाच्या फणीसारखा, वाढ सरळ उभी, आणि पांढऱ्या फुलांचे गुच्छ वर्षातले बरेच महिने. त्याला वास जवळजवळ नसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कडक ऊन असलेल्या गॅलरीत डाळिंबाचाही विचार करावा. शेंदरी-लाल फुलं, बारीक चकचकीत पानं, आणि नशिबात असेल तर दोन-चार फळं. आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण कुंडीतलं डाळिंब हौसेचं, बाजाराचं नव्हे. त्याला काटे असतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवू नये. आणि ज्यांना ‘शोभेचं कशाला, उपयोगाचं सांगा’ असं वाटतं, त्यांच्यासाठी कढीपत्ता आहे. मोठ्या कुंडीत तो सहज पाच-सहा फूट होतो, झुपकेदार दिसतो, आणि फोडणीसाठी शेंडे खुडत राहिलं की आपोआप छाटणीही होते. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पानावर आढळली तर लगेच औषध मारू नका. ती फुलपाखराची असते. चार पानं तिला खाऊ द्यावीत.

वजन आणि वारा

आता थोडं गणित. कारण इथे नुसत्या झाडाचा नाही, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह साधारण २५ ते ३० किलोची होते. अठरा इंची कुंडी दिसायला दीडपट. पण लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दीडपट झाल्याने माती सव्वातीनपटीहून जास्त लागते, आणि वजन ९० ते १०० किलोवर जातं. चोवीस इंची कुंडीत तर बारा इंचीच्या आठपट माती बसते. राहत्या इमारतींच्या गॅलरीसाठी भारतीय मानकांनी धरलेला भार चौरस मीटरला सुमारे ३०० किलो आहे. त्यात माणसं, पाण्याचं पिंप, सगळंच आलं. एक अठरा इंची कुंडी यात बसते. अशा चार कुंड्या एका रांगेत ठेवल्या तर विचार करावा लागतो. इमारत जुनी असेल, स्लॅबची खपली पडत असेल, लोखंड दिसत असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय मोठी कुंडी ठेवूच नये.

कुंडी कुठे ठेवतो, यालाही महत्त्व आहे. बाहेर काढलेली गॅलरी बहुधा एकाच बाजूने, म्हणजे घराच्या भिंतीकडे धरलेली असते. हात लांब करून बादली धरली तर खांदा दुखतो, तीच बादली अंगाजवळ धरली तर हलकी वाटते. गॅलरीचंही अगदी तसंच. म्हणून जड कुंडी कठड्याकडे न ठेवता भिंतीलगतच्या कोपऱ्यात ठेवावी. नेहमीच्या मातीऐवजी निम्मं कोकोपीट घातलं तर वजन बरंच कमी होतं.

पण वजन फार कमी झालं की वारा त्रास देतो. वरच्या मजल्यांवर वारा जोरात असतो आणि वळवाच्या पावसाआधीची वावटळ उंच झाड आडवं करते. रबरासारखी रुंद पानं शिडासारखा वारा धरतात. पामची चिरलेली पानं तो जाऊ देतात. म्हणून कुंडी उंच-निमुळती न घेता रुंद बुडाची घ्यावी आणि खोड मऊ सुतळीने ग्रिलला किंवा भिंतीतल्या हुकाला सैलसर बांधावं. कठड्यावर कुठलीच कुंडी ठेवू नये, लहानसुद्धा. खालून लोक जात असतात, मुलं खेळत असतात.

माती, पाणी आणि शेजारी

सोलापूर, लातूर, धाराशिव भागातल्या मंडळींना घराजवळ काळी माती सहज मिळते. शेताला ती सोनं आहे. कुंडीत मात्र ती भिजली की चिकट गोळा होते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेने फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. त्यापेक्षा दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड हे मिश्रण बरं. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाही. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, त्याने मात्र निचरा सुधारत नाही. वरची माती पूर्ण भिजून टच्च झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. उलट मुळांची जागा तेवढी कमी होते.

पाणी रोज अमुक तांब्ये, असा नियम नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावं. कोरडं लागलं तर भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावं, ओलं लागलं तर थांबावं. कुंडीखाली ताटली हवीच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी ठिबकतं आणि झाडावरून भांडण सुरू होतं. पण ताटलीत साचलेलं पाणी ठेवू नये. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासली की ते चक्र तुटतं.

आमच्या घरातली निवड

उदाहरण म्हणून आमच्याच घरचा हिशोब मांडतो. जुन्या घराच्या अंगणात डाळिंब होतं, त्यामुळे फ्लॅटमध्ये आल्यावर अम्मीला तेच हवं होतं. आमचा दुसरा मजला, गॅलरी पूर्वेची, ऊन साडेदहाला संपणारं. डाळिंब तिथे जगलं असतं, फुललं नसतं. अम्मी वॉकर घेऊन चालते; म्हणून अडीच फुटांची वाट मोकळी हवी होती आणि काटे तर नकोच होते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिला आता अंधुक दिसतं. पलंगावरून झाड हिरवं आहे एवढं तिला कळतं, फूल कळत नाही. तेव्हा नजरेत भरणारं झाड या शब्दांचा अर्थच आमच्या घरापुरता बदलला. आम्ही कुंती आणली.

कुंती लिंबाच्या कुळातली. तिची पानं बारीक, गडद, चकाकणारी. तीन-चार तासांच्या उन्हातही ती फुलते. फुलं पांढरी, आणि संध्याकाळनंतर त्यांचा वास अख्ख्या खोलीत भरतो. तिला काटे नाहीत. कात्री चालते, म्हणून खालच्या दोन फुटांतल्या फांद्या काढून आम्ही तिला छत्रीचा आकार दिला. त्यामुळे खाली वॉकर वळायला जागा राहिली आणि वर साडेपाच फुटांवर डेरा तयार झाला. नर्सरीतून आणलं तेव्हा झाड दोन फुटांचं होतं. एवढं व्हायला तीन पावसाळे लागले. पावसाची मोठी सर येऊन गेली की काही दिवसांनी कुंतीला एकदम बहर येतो. अम्मीला तो आमच्या आधी कळतो. ‘आज फुललीय गं ती,’ असं ती सुनेला पलंगावरूनच सांगते. फुलं दोन-तीन दिवसांत झडतात आणि गॅलरीभर पांढरा सडा पडतो. तो झाडण्याचं काम माझ्याकडे आहे.

काय टाळावं

उंच आणि देखणी असली तरी काही झाडं लहान मुलांच्या घरात आणू नयेत. कण्हेर ही त्यांतली पहिली. तिचं पान, फूल, फांदी, सगळंच विषारी असून ते विष हृदयावर परिणाम करतं. शेराचा, म्हणजे हल्ली ‘पेन्सिल कॅक्टस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. ठिपक्यांच्या पानांचं डिफेनबाकिया चावलं गेलं तर तोंड आणि जीभ सुजते. मोठ्यांच्या घरात, हात धुण्याची सवय असेल तर यांतली काही चालतील. रांगत्या बाळाच्या घरात नकोत.

दुसरं, ‘हे झाड हवा शुद्ध करतं’ असं सांगून जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जावं. ही कल्पना पसरली ती १९८९ मधल्या नासाच्या एका अभ्यासावरून. पण ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत केलेले होते. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. नेहमीच्या खेळत्या हवेएवढा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटर जागेत दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी. झाड आणावं ते सोबतीसाठी.

तिसरं, सहा फुटांचं तयार झाड विकत घेण्याची घाई करू नये. ते महाग पडतं, जिन्यातून नेताना शेंडा मोडतो, आणि नर्सरीच्या मोकळ्या उजेडातून आपल्या गॅलरीत आल्यावर त्याला जास्त धक्का बसतो. दोन-तीन फुटांचं, बुंध्याशी घट्ट, नवी पालवी असलेलं रोप घ्यावं. कुंडीच्या भोकातून मुळांचा गुंता बाहेर आलेला असेल तर ते रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे, असं समजावं. पानांच्या मागे कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण, आहेत का ते पाहावं. घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस थोडी पानं गळतील, विशेषतः रबराची. घाबरून त्याची जागा रोज बदलू नये, खत घालू नये. नवी जागा ओळखायला त्यालाही वेळ लागतो. मग दर वर्षी-दोन वर्षांनी दोन-तीन इंच मोठी कुंडी देत न्यावी. एकदम भलीमोठी कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती ओली राहते आणि आंबते. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, म्हणजे झाड उजेडाकडे वाकडं होत नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी एवढंच करा. एक कोरा कागद, एक टेप आणि घड्याळ घेऊन गॅलरीत बसा. ऊन कधी आलं, कधी गेलं, जागा किती, वाट किती, हे सगळं लिहा. घरातल्या सर्वांना विचारा, कोणाला त्या झाडाकडून काय हवंय : फूल, सावली, फोडणीची पानं, की नुसता वास. तो कागद घेऊन पुढच्या रविवारी नर्सरीत जा, आणि एकच झाड घेऊन या.